अंगठाभर ग्रीस

साहेब बारा वाजता येणार होते. सकाळपासून दादा माझ्याशी एकूण तीन शब्द बोलला होता, "शिंपले खरवडून ठेव," आणि तेही तोंड दुसरीकडे करून. एरवी मी त्याला असा सोडला नसता. पण त्या दिवशी मीही निमूटपणे खरवडणी घेतली आणि शेडच्या मागच्या कोपऱ्यात गेले.

तिथे लाकडी ओंडक्यांवर कप्तानच्या बोटीचे दोन जुने ड्राइव्ह आडवे पडले होते. आमच्याकडे ड्राइव्हला पाय म्हणतात. इंजिन बोटीच्या पोटात असतं, मागच्या फळीला बाहेरून हा पाय लटकवलेला असतो आणि पायाच्या टोकाला पंखा. कप्तानची बोट जुनी, दोन इंजिनांची, म्हणून दोन पाय. ॲल्युमिनियमचे, माणसाच्या मांडीएवढे जाड. म्हणजे असायला हवे होते. उजव्या पायाचं वरचं कोपर खाऱ्या पाण्याने इतकं खाल्लं होतं की स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तरी धातूचा भुगा पडत होता.

नऊ दिवसांपूर्वी ते कोपर भर पाण्यात तुटलं. कप्तान अकरा प्रवासी घेऊन समोरच्या बेटावरून परत येत होता. पाय वाकडा झाला, आत जाणाऱ्या दांड्यावरचा रबरी भाता फाटला आणि पाणी थेट इंजिनाच्या खणात शिरलं. डावा पाय एकटा ओढू लागला आणि दहा मिनिटांत तोही अडकून बसला. वाऱ्याने बोट खडकांकडे चालली होती. कप्तानने घाईघाईत हातानेच नांगर सोडला आणि साखळीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. नांगर लागला म्हणून अकराच्या अकरा माणसं वाचली. दवाखान्यातून कप्तान घरी न जाता आधी आमच्या शेडमध्ये आला होता. दादाला एवढंच म्हणाला होता, "मिस्त्री, कागदावर सही तुझी आहे."

होतीच. चौदा महिन्यांपूर्वीच्या देखभालीच्या कागदावर 'झिंक बदलले' या ओळीपुढे दादाची सही होती. झिंक म्हणजे पायावर बसवायचा मऊ धातूचा तुकडा. खारं पाणी धातू खाणारच, त्याला इलाज नाही. पण झिंक असलं की पाणी आधी ते खातं आणि पायाला सोडून देतं. वर्षभरात झिंक झिजून निम्मं झालं की काम चोख चाललंय असं समजायचं. इथे पायच खाल्ले गेले होते. म्हणजे एक तर दादाने झिंकं बसवलीच नव्हती, नाही तर कशीतरी उरकली होती. बंदर कार्यालयाचे साहेब तेच बघायला येणार होते. दोष दादाचा निघाला तर प्रवासी बोटींवर काम करायचा त्याचा परवाना जाणार होता, आणि आमच्या शेडमध्ये प्रवासी बोटींशिवाय दुसरं येतं काय? शेडला कुलूप, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी दादा दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली.

मी उजव्या पायापासून सुरुवात केली. वर शिंपले, मग शेवाळ, त्याखाली निळा रंग. रंग माझा. रंगकाम माझ्याकडे असतं. शिंपल्यांबरोबर रंगाचे पापुद्रे सुटत होते आणि मी रागारागाने ओरबाडत होते, कारण नऊ दिवस घरात कुणी धड जेवलं नव्हतं आणि वहिनी दादासमोर ताट ठेवून तशीच उचलत होती. पंख्याच्या वर तळहाताएवढा एक चपटा उंचवटा होता. त्याच्यावरचा रंग मात्र घट्ट होता. जोर लावून तो साफ केला. खाली तसाच दुसरा होता, तोही केला. मग फडक्याने पुसलं आणि माझे हात जागच्या जागी थांबले.

ती झिंकं होती. दोन्ही. कडा धारदार, कारखान्याचा ठसा जसाच्या तसा. एक कणही झिजलेला नव्हता, कारण चौदा महिने पाणी त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. वर रंग होता, आणि तो मी मारला होता.

शेड आमच्या बाबांची. बाबांनी दादाला हाताशी धरून शिकवलं आणि मला दाराशीच थांबवलं. "आत तेल सांडलेलं असतं, पडशील," म्हणायचे. त्या वयात मी शेजारच्यांच्या छपरावरून उड्या मारत होते, पण ते असो. मी बारा वर्षं गाड्यांच्या गॅरेजात रंग मारला. बाबा गेले, त्यांचा जुना रंगारी गेला, दादाला माणूस मिळेना, तेव्हा कुठे शेडचं दार मला उघडलं. कप्तानच्या बोटीचे पाय ही मी रंगवलेली पहिली जोडी.

त्या आठवड्यात वहिनीचं ऑपरेशन होतं. दादा चार दिवस दवाखान्यात बसून होता. एरवी तो झिंकं रंग वाळल्यावर बसवतो, हे मला पुढे कळलं. त्या वेळी घाईत आधीच बसवून गेला होता. मी ब्रश घेऊन बसले तर पायांवर चार ठिकाणी अंगठ्याने फासलेलं ग्रीस. मला असा संताप आला. गॅरेजात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात, ग्रीस दिसलं की पुसायचं, त्यावर रंग धरत नाही. दादाच्या घाणेरड्या हातांचा उद्धार करत मी चारही ठिकाणं थिनरने लख्ख पुसली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर मारला, वर दोन हात निळा. कप्तान आला, म्हणाला, "पाय नवेच दिसतात की," आणि दादा परत यायच्या आत बोट पाण्यात गेली. त्या शाबासकीवर मी आठवडाभर तरंगत होते.

आता मी उजवा पाय पुसून बसले होते आणि डाव्याला अजून हात लावला नव्हता. डोकं भराभर चालत होतं. चारही झिंकं काढून भंगारात टाकली तर साहेब म्हणणार, बसवलीच नव्हती. दादा संपला. डावी दोन्हीही खरवडून ठेवली तर म्हणणार, ही कोरी आहेत, बोट बुडता बुडता वाचल्यावर गुपचूप बसवलीत. तरी दादाच संपला. डाव्यावरचा रंग तसाच ठेवला तरच खरं काय ते दिसणार होतं, आणि मग मी संपले. विचार करायला वेळ हवा असं मी स्वतःला सांगितलं आणि डाव्या पायावर गोणपाट टाकलं. खरं म्हणजे मी घाबरले होते.

"झालं का?" दादा बोटीपाशी नवा डावा पाय ट्रॉलीवर चढवत होता, तिथून ओरडला.

"होतंय."

"काय होतंय? दोन तास झाले."

त्याला उत्तर नकोच होतं. जुने पाय उतरवून ठेवल्यानंतर तो या कोपऱ्यात एकदाही फिरकला नव्हता. आपल्याच हातून काही राहिलं असेल तर, या भीतीने. बाहेर मोटारसायकल थांबली. साहेब तासभर आधीच आले होते.

हेल्मेट काखेत, चष्मा नाकाच्या टोकावर, किडकिडीत माणूस. मागून कप्तान चालत आला. त्याच्या उजव्या हाताला पट्टीचं गाठोडं होतं आणि तो हात त्याने छातीशी धरला होता. मी त्या हाताकडे बघायचं टाळलं.

साहेब उकिडवे बसले. कोपराचा भुगा बोटांनी चोळून पाहिला, वास घेतला. मग झिंकावर नखाने टकटक केलं आणि चष्म्यावरून दादाकडे पाहिलं.

"हे कधी बसवलंत?"

दादा पहिल्यांदाच वाकला. त्याने झिंक पाहिलं आणि त्याचा चेहरा पार उतरला. "चौदा महिने झाले."

"चौदा महिने खाऱ्या पाण्यात, आणि ओरखडा नाही?"

"साहेब, मीच बसवलं. या हातांनी."

"बसवलंत हे दिसतंच आहे. कधी, ते विचारतोय. बोट नऊ दिवस तुमच्या ताब्यात आहे."

कप्तान दादाकडे असा बघत होता की ते बघणं मला सहन होईना. वीस वर्षं हे दोघं एका डब्यातून जेवलेले. दादाचं खरं होतं आणि ते खरं कसं, हे त्यालाच कळत नव्हतं.

साहेबांनी मांडीवर कागद घेतला, पेनचं टोपण काढलं.

"थांबा," मी म्हणाले आणि गोणपाट ओढलं.

डावा पाय शिंपल्यांनी भरलेला होता, पण झिंकाच्या जागी निळा रंग स्पष्ट दिसत होता. "उजव्यावरही असाच होता. आत्ता मी खरवडला. ते पापुद्रे तिथेच पडलेत. मागच्या वर्षी रंग मी मारला होता, झिंकांसकट. मला ती पायाचाच भाग वाटली."

साहेब डाव्या पायाकडे सरकले. झिंकाच्या मध्यभागी बोल्टचा खड्डा असतो. त्यांनी खड्ड्यातल्या रंगाला नख लावलं, तर तिथला रंग सायीसारखा अलगद सुटून आला. त्याच्यामागे काळपट ओलं काहीतरी होतं. त्यांनी ते दोन बोटांत घेतलं.

"ग्रीस."

"माझं आहे," दादा म्हणाला. "झिंक आधी बसवलं तर मी वर अंगठाभर ग्रीस लावून ठेवतो. म्हणजे इथे रंग नको. बाबांपासूनची खूण आहे. रंगाऱ्याला कळतं."

मी ते त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं. मी ज्याला घाण समजून घासून काढलं, ती माझ्यासाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी होती, आणि ती वाचायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

"आणि तुम्ही ते पुसलंत," साहेब मला म्हणाले.

"थिनरने. खड्ड्यात राहिलं असेल."

"हं." त्यांनी ग्रीस फडक्याला पुसलं. "म्हणजे झिंक तेव्हाच बसलं होतं, हे मान्य. आता एकच सांगा. ही जी खूण आहे, ती यांनी तुम्हाला सांगितली होती का? सांगितली असेल तर चूक तुमची. सांगितली नसेल तर बिनसूचनेने माणूस कामाला लावला, ती जबाबदारी परवानेवाल्याची."

दादा माझ्याकडे बघत नव्हता. तो जमिनीकडे बघत होता आणि त्याच्या कानशिलाची शीर उडत होती. नाही म्हणणं किती सोपं होतं. नाही, मला इथे कुणी कधी काही सांगितलं नाही, ना बाबांनी, ना याने. मला दाराशी उभं केलं आणि मग एक दिवस हातात ब्रश दिला. हे सगळं माझ्या जिभेवर होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

"हो," मी म्हणाले. "सांगितलं होतं. माझ्या लक्षात राहिलं नाही."

दादाने मान वर केली. मी कप्तानच्या बुटांकडे पाहत राहिले. साहेबांनी लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं की रंगकाम करणाऱ्या महिलेने सूचना असूनही निष्काळजीपणा केला, सबब प्रवासी बोटींच्या पाण्याखालील कोणत्याही भागाला तिने यापुढे हात लावू नये, आणि परवानाधारकाला समज देण्यात येत आहे. मी सही केली. दादानेही केली. कप्तान बाहेर जाऊन उभा राहिला. साहेब बोटीचा नंबर टिपून घ्यायला पुढच्या बाजूला गेले.

"चल," दादा म्हणाला. "पाय चढवायचा राहिलाय."

आता मी हात लावायचा नव्हता, पण नवा पाय एकट्याने चढत नाही. ट्रॉली ढकलत आम्ही तो फळीपाशी आणला. दांड्याला खाचा असतात. आतल्या खाचांशी त्या नेमक्या जुळल्या तरच दांडा आत जातो. दादा मागून ढकलत होता आणि मी पंखा हाताने हळूहळू फिरवत होते, केसभर इकडे, केसभर तिकडे. एरवी या कामात आम्ही एकमेकांना शिव्या घालतो. मला वाटत होतं त्याने काहीतरी बोलावं, आणि तो बोलला असता तर मी पंखा सोडून त्याच्या अंगावर गेले असते.

खाचा जुळल्या. पाय आत सरकला आणि सहा बोल्टांवर बसला. आमच्या ट्रॉलीचा जॅक जुना, भार आला की हळूहळू खाली बसतो. म्हणून सगळे नट लागेपर्यंत एकाने पाय खांद्यावर तोलून धरायचा, नाही तर सगळं वजन दांड्यावर आणि नव्या भात्यावर येतं. मी खांदा दिला. दादाच्या मुठीत सहा नट होते. त्याने एक वर लावला, एक खाली, नुसते बोटांनी फिरवून. मग थांबला.

माझ्या गालाशी नवं कोरं झिंक होतं. त्यावर सकाळीच त्याने सवयीने अंगठाभर ग्रीस लावून ठेवलं होतं.

"छोटे," तो म्हणाला. लहानपणानंतर तो मला या नावाने हाक मारत नाही. "हे झिंक आहे. याला रंग लावायचा नाही. ग्रीस दिसलं तर पुसायचं नाही. मला विचारायचं."

"आता काय उपयोग. मला रंगच लावायचा नाहीये."

"मी तुला कधीच सांगितलं नव्हतं."

"माहितीये मला. नट लाव."

"बाबांनी मला पण सांगितलं नव्हतं. एकदा मी ग्रीसवर ब्रश फिरवला आणि त्यांनी कानाखाली वाजवली. तसंच सगळ्यांना कळतं असं धरून चाललो मी." त्याने उरलेले चार नट ट्रॉलीवर ठेवले. "अकरा माणसं होती गं बोटीत."

"दादा, नट लाव आधी. माझा खांदा जातोय."

"धर जरा," तो म्हणाला आणि निघाला.

मला कळलं तो कुठे चालला ते. साहेब फाटकाशी पोचले होते, हेल्मेट डोक्यावर चढवत होते. मी ओरडले, "दादा, मूर्खपणा करू नकोस, झालंय सगळं," आणि त्याच्या मागे धावणार तोच पाय माझ्या खांद्यावर खाली दबला. सोडला असता तर भाता फाटला असता आणि कप्तानची बोट पुन्हा एकदा माझ्याच हातून गेली असती. मी तिथेच खिळून राहिले. त्याला खोट्यावर वाचलेला परवाना चालत नव्हता आणि माझ्या खोट्यावर पाणी ओतायला तो चालला होता. मला त्याचा भयंकर राग आला, आणि आयुष्यात इतका आवडलाही तो मला कधी नव्हता.

कप्तान बोटीच्या बाजूने आत आला. त्याने सगळं ऐकलं असणार. फळीच्या पलीकडेच तो उभा होता. त्याने एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तो पायाच्या दुसऱ्या बाजूला वाकला आणि दोन्ही हात खाली घातले. पट्टीचा हातही. माझ्या खांद्यावरचा भार हलका झाला.

"नट तू लाव," तो म्हणाला. "मला जमायचं नाही."

मी ट्रॉलीवरून नट उचलला. तो तिरका बसला, काढून पुन्हा लावला. तिकडे फाटकाशी दादा बोलत होता. साहेबांनी हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि बॅगेतून तो कागद पुन्हा बाहेर काढला.

"कप्तान," मी म्हणाले. नऊ दिवसांत मी त्याच्याशी बोलले नव्हते आणि आता बोलले नसते तर पुढेही बोलता आलं नसतं. "तुमची बोटं माझ्यामुळे गेली."

"हो," कप्तान म्हणाला.

त्याच्या पट्टीवर लाल डाग पसरत होता. जखम उलली असणार, कळ डोक्यापर्यंत जात असणार. मी म्हटलं, सोडा, मी खांद्याने धरते. त्याने मान हलवली आणि मी सहावा नट पाना लावून घट्ट करेपर्यंत पाय सोडला नाही.